हर्बी हॅनकॉक: सुरुवात १९६५ पासून करायची की १९७३ पासून?

गिरणाकाठ, जळगाव
३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जाझ दिन. युनेस्कोने तो २०११ मध्ये जाहीर केला आणि त्यामागे अमेरिकन जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचाच पुढाकार होता. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यांनी त्यानिमित्त हॅनकॉकचं काय बसवावं, असा प्रश्न निघाला की दहातले आठ जण १९७३ च्या ‘हेड हंटर्स’ अल्बममधलं ‘कमीलियन’ म्हणतात. मला हे पटत नाही.

त्याचं खरं काम १९६२ ते १९६८ मधलं. ‘मेडन व्हॉयेज’ (१९६५) बघा. ३२ बार (तालाची आवर्तनं म्हणा), प्रत्येक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) चार बार. पहिली कॉर्ड म्हणजे खाली डी आणि वर ए मायनर सेव्हन. सूर मांडा: डी, ए, सी, ई, जी. डीला सा धरलं तर सा, प, कोमल नी, रे, म. गंधार नाहीच! नुसते सूर पाहिले तर मधमाद सारंगाचे. गंधार नसल्याने कॉर्ड मेजर की मायनर हे ठरत नाही, ती तरंगत राहते, आणि चार बारांनी तोच आकार उचलून एफवर जातो. पेटीवरून आलेल्या माणसाला हार्मनी म्हणजे काय, ते इथे कळतं. ‘कमीलियन’मध्ये दोन कॉर्ड आणि पंधरा मिनिटं. १९७३ मध्ये त्याने हार्मनी सोडली आणि खप मिळवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळी पाच, भुसावळ
तुमनं म्हननं अर्धं खरं शे, भाऊ. ‘कमीलियन’च्या मुख्य भागात कॉर्ड दोनच: बी फ्लॅट मायनर सेव्हन आणि ई फ्लॅट सेव्हन. पण तिथलं काम थरांचं आहे. ‘हेड हंटर्स’मध्ये गिटारच नाही. सुरुवातीची बेस लाइन (खालच्या सुरांची ओळ) खुद्द हॅनकॉक आर्प ओडिसी सिंथवर वाजवतो, त्यावर क्लॅव्हिनेट (तारांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड), पुढे फेंडर ऱ्होड्स (इलेक्ट्रिक पियानो). तीन वाद्यांचे तीन स्वभाव. ते नीट मांडले नाहीत तर तुकडा लग्नाच्या वरातीतला ठेका होतो.

बसवायचं कसं? ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) शून्यावर ठेवा आणि काळी पाचमध्येच, म्हणजे बी फ्लॅटला सा धरून वाजवा. कीबोर्ड स्प्लिट करून (दोन भागांत वाटून) खाली सिंथ बेस, तोही मोनोवर, म्हणजे एका वेळी एकच सूर. मोनो नसेल तर रिलीज (बोट उचलल्यावर सूर रेंगाळतो तो वेळ) अगदी कमी करा, नाहीतर एक सूर दुसऱ्यात मिसळतो आणि लाइनचा टोकदारपणा जातो. लय मिनिटाला ९० ते ९५ ठोके. क्लॅव्हिनेटचा आवाज लावला की सस्टेन पेडलवरून पाय काढा, कारण मूळ वाद्याला पेडलच नसतं, मधल्या रिकाम्या जागांवरच त्याची मजा. ऱ्होड्सच्या आवाजाला टच (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलणं) चालू हवा. हातोडी जोरात बसली की त्याचा सूर किंचित फाटतो, टच बंद असेल तर ते येणारच नाही.

हमखास होणारी चूक धैवताची. थाट काफी आहे, धैवत शुद्ध. हात सवयीने आसावरीत गेला, कोमल धैवत लागला, की ई फ्लॅट सेव्हनची मायनर होते आणि सगळा रंग उतरतो.

आणि ‘खप मिळवला’ म्हणता, तर ‘वॉटरमेलन मॅन’ १९६२ चं, पहिल्याच अल्बममधलं. पुढच्याच वर्षी क्यूबन तालवादक मोंगो सांतामारियाने ते वाजवून गाजवलं. लोकांच्या पायाला ठेका देणं त्याच्यात पहिल्यापासून होतं.

गिरणाकाठ
धैवताचं मान्य. पण ‘वॉटरमेलन मॅन’ १६ बारांचं आहे, शेवटाकडे सी सेव्हन आणि बी फ्लॅट सेव्हन तीनदा आलटून पालटून येतात, म्हणजे रचनेला घडण आहे. शिवाय ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये १९६३ ते १९६८ जे घडलं त्याचं काय? माइल्सच्या एका सूचनेवरून त्याने कॉर्डमधला तिसरा आणि सातवा सूर गाळायला सुरुवात केली, हे त्याने स्वतः सांगितलंय. काय वाजवू नये, हे त्या पाच वर्षांत दिसतं.

काळी पाच
मग हेही सांगा की १९६८ मध्ये माइल्सच्याच ‘माइल्स इन द स्काय’ अल्बमवर तो इलेक्ट्रिक पियानो वाजवतोय. मुळात तो कॉलेजात गेला तेव्हा आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग घेतलं होतं. वायरी-बटणांची भीती त्याला कधीच नव्हती. आणि ‘सोडली’ कुठे? १९७६ मध्ये व्ही.एस.ओ.पी. हा जाझ बँड उभा केला: रॉन कार्टर, टोनी विल्यम्स, वेन शॉर्टर, माइल्सच्या जागी फ्रेडी हबर्ड. १९७८ मध्ये पियानोवादक चिक कोरियाबरोबर दोन ग्रँड पियानो, बस्स. १९८३ ला ‘रॉकइट’मध्ये रेकॉर्ड घासून काढलेले आवाज, आणि तीनच वर्षांनी ‘राउंड मिडनाइट’ चित्रपटाचं संगीत, ज्याला ऑस्कर मिळालं. एक दार उघडताना दुसरं त्याने बंद केलं नाही.

तापीपार, यावल
‘मेडन व्हॉयेज’ बसवणाऱ्यांसाठी एक धोका आधीच सांगतो. आपल्याकडे बहुतेकांचे कीबोर्ड स्टाइलवाले, म्हणजे कॉर्ड ओळखून आपोआप साथ देणारे. डाव्या हाताने ए, सी, ई, जी धरलं की यंत्र त्याला ए मायनर सेव्हन किंवा सी सिक्स समजतं आणि बेस ए नाहीतर सी देतं. डी गेला की तरंगणं गेलं, उरते साधी मायनर कॉर्ड. स्टाइल बंद करा, किंवा खालचा सूर बेस धरणारा मोड असेल तर डी सगळ्यांत खाली दाबा.

माझं मत मात्र दोघांच्याही विरुद्ध. १९६४ चं ‘कँटलूप आयलंड’ घ्या. १६ बार: एफ मायनर सेव्हन चार, डी फ्लॅट सेव्हन चार, डी मायनर सेव्हन चार, परत एफ मायनर सेव्हन चार. तिन्ही कॉर्डमध्ये एफ आहे! पांढरी चारचा (एफचा) सा लावून तानपुरा चालू ठेवा, तो कुठेच खटकणार नाही. पहिल्या दोन कॉर्डमध्ये गंधार कोमल, तिसरीत शुद्ध, शेवटी पुन्हा कोमल. दुसरीत तीव्र मध्यम येतो. सा न हलता आजूबाजूचं बदलतं, हे पेटीवाल्याच्या कानाला पहिल्याच दिवशी पटतं.

गिरणाकाठ
तिथेच घात आहे. सा हलत नाही असं एकदा कानाने धरलं की डी मायनर सेव्हनवरही माणूस एफचाच राग आळवत बसेल. जाझमध्ये घर बदलतं. ते बदलणं ‘मेडन व्हॉयेज’मध्ये टाळताच येत नाही.

तापीपार
तानपुरा फक्त पहिल्या आठवड्यापुरता. बेसवाला आला की बंद. डी फ्लॅट खालून वाजला की त्याच एफची तिसऱ्या सुरात बढती होते, ती कानाला आपोआप कळते. बेसवाला नसेल तर डाव्या हाताने नुसता मूळ सूर धरा आणि उजव्या हातात कॉर्डचे वरचे तीन. भाता मारण्यात वर्षं घालवलेल्या डाव्या हाताला तेवढंच काम द्या. ‘कमीलियन’ची बेस लाइन त्या हाताला लगेच झेपत नाही, काळी पाच यांनी हे लक्षात घ्यावं.

काळी पाच
झेपते. ६० च्या लयीत, उजवा हात खिशात ठेवून, फक्त लाइन. ती न अडखळता वाजू लागली की लय पाच-पाचने वाढवा, आणि उजव्या हातात आधी फक्त ऑफबीटवरची (दोन ठोक्यांच्या मधली) एक कॉर्ड. दोन्ही हात एकदम सुरू केले तर डावा उजव्याच्या मागे धावतो. ३० एप्रिलला ऐन लग्नसराई असते, म्हणून सराव होळीच्या आधीच सुरू करावा लागेल.