कोंबड्यांनी अंडी बंद केली की बल्ब लावायचा का गप बसायचं?

खुराडेवाला
मंडळी, स्पष्टच बोलतो, वाद झाला तरी चालेल. माझ्याकडे १४ कोंबड्या आहेत, ९ गिरिराज (सुधारित जात) आणि ५ गावरान, माण भागात. गणपतीपर्यंत रोज ८-९ अंडी मिळायची, दसऱ्यानंतर ४ वर आलं, दिवाळीला २ आणि परवापासून भोपळा. खुराड्यात सगळीकडे पिसंच पिसं, गिरिराजांच्या मानेवर कातडं दिसतंय, एखादीकडे बघून तर पोरं हसतात. आता ज्याला विचारावं तो म्हणतो बल्ब लाव, चार दिवसात अंडी चालू. मला हे पटत नाही. साप कात टाकतो तशी कोंबडी वर्षातून एकदा पिसं टाकते, नवीन पिसं म्हणजे बहुतेक सगळं प्रोटीनच, आणि अंड्यालाही तेच लागतं. एका वेळी दोन्ही कसं जमणार तिला? दोन-तीन महिने तिला तिचं तिचं राहू द्या, परत देईल की. मशीन आहे का ती?

शेठ_लेअरवाले
मशीन नाही पण दाणा तर रोज खाते ना भाऊ. माझ्याकडे २५० पक्षी आहेत, डोक्यावर कर्ज आहे, तीन महिने रजा दिली तर हप्ता कोण भरणार, कोंबडी? प्रकाशाचं शास्त्र आहे हे, उगाच कोणी सांगत नाही. कोंबडीला उजेड डोळ्यांनी तर कळतोच पण कवटीतून आत मेंदूपर्यंतही पोचतो, तिथून हार्मोन सुटतात आणि मग अंडाशय कामाला लागतं. जोरात अंडी हवी असतील तर १४ ते १६ तास उजेड पाहिजे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. दिवस लहान व्हायला लागला की तिचं शरीर समजतं सीझन संपला. एक साधा एलईडी, पिवळसर उजेडाचा, पहाटे ४ ला लावायचा. लाइट बिल किती येतं त्याला?
आणि हो, संध्याकाळी लावू नका, एकदम बंद झाला की बिचाऱ्या अंधारात जिथे असतील तिथेच बसतात, दांडीवर चढता येत नाही. आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवायचा, एकदम चार तास नाही.

माहेर_चिपळूण
तुम्ही दोघंही गिरिराजचंच बोलताय, त्या ५ गावरान बायकांचं काय? 🙂 आमच्याकडे आजीपासून कोंबड्या आहेत, एलईडी सोडा, लाइटच नव्हती गावात तेव्हाही अंडी होतीच. गावरान कोंबडी १२-१५ अंडी घालते आणि खुडूक बसते, म्हणजे तिच्या दृष्टीने काम झालं, आता पिल्लं काढायची. वर्षाची मिळून ६०-७० अंडी, तेवढाच तिचा कोटा. खुराडेवाले दादा, बघा जरा, एखादी अंगाची पिसं फुलवून कोपऱ्यात बसून असते का, हात लावला की क्रर्र करून टोचते का? तर ती पिसं गाळत नाहीये, खुडूक आहे. तिला २१ दिवस अंड्यांवर बसवा नाहीतर खुडूक मोडा. आजी नाकपुडीत पीस घालायची नाहीतर पाण्यात बुचकळायची. मला ते बघवायचं नाही. मी जाळीच्या तळाचा पिंजरा टांगते, खालून वारा लागला की पोट गार पडतं, तीन-चार दिवसांत विसरते. दाणा-पाणी मात्र पूर्ण द्यायचं, उपाशी ठेवायचं नाही.

तांबडा_पांढरा
एवढी चर्चा कशाला, १४ आहेत ना, रविवारी दोन कमी करा, उरलेल्या घाबरून अंडी देतील 😂

खुराडेवाला
@तांबडा_पांढरा हसायला ठीक आहे, पण खरंच असंच करतात लोक. पिसं गाळणारी कोंबडी म्हातारी समजून कापतात आणि तीच दोन महिन्यांनी चांगली मोठी अंडी देणार असते. शेजाऱ्याने गेल्या वर्षी तेच केलं, मग चैत्रात माझ्याकडे अंडी मागायला आला.
@माहेर_चिपळूण एक आहे तशी, काळी. टोचते. ती खुडूक धरू, मग बाकी १३?

अर्धा_डॉक्टर
मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता रिटायर. तुमचं सगळ्यांचं वाचलं. कोंबडी हातात न घेताच भांडताय सगळे. संध्याकाळी एकेक पकडा. मागच्या बाजूला, विष्ठेच्या जागेखाली दोन हाडांची टोकं लागतात, त्यात दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, एक बोटही बसत नसेल तर बंद आहे. तुरा लालभडक आणि गरम का फिका, आक्रसलेला? दोन बोटं बसतायत, तुरा लाल आहे आणि तरी अंडं दिसत नाही म्हणजे ती कुठेतरी बाहेर घालतेय, कडब्याच्या गंजीत बघा, नाहीतर मुंगूस खातंय, नाहीतर त्या स्वतःच फोडून खातायत.
मग रात्री ९ नंतर टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या फटी बघा. बारीक लाल किडे असतात, दिवसा लपतात, रात्री रक्त पितात. यांनी तुरा फिका पडतो आणि अंडी बंद होतात आणि माणूस म्हणतो थंडी लागली.
सगळ्यांनी एकदम दोन दिवसांत बंद केलं असतं, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणं असं काही असतं तर मी म्हणालो असतो हे सगळं सोडा आणि दवाखाना गाठा, मानमोडी (राणीखेत रोग) तशीच येते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून एकदम जास्त मर झाली की कळवायलाच पाहिजे, लपवायचं नाही. तुमचं तसं दिसत नाही, हळूहळू कमी झालंय. आता सांगा, खायला काय घालता?

खुराडेवाला
ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, उरलेली भाकरी. आणि दिवसभर मोकळ्याच असतात, किडेमकोडे खातात.

शेठ_लेअरवाले
झालं! इथेच घोडं अडलं आणि मला बल्बवरून शिकवत होतात. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, ज्वारी-बाजरीत ते नावापुरतं. कुठून आणणार ती? स्वतःच्या हाडातून काढते थोडे दिवस, मग आधी कवच पातळ आणि मग अंडंच बंद. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, १६-१७ टक्के प्रोटीन असतं, ज्वारीत दहाच्या आसपास. पावसाळ्यात किडे, गांडुळं, हिरवं मिळत होतं म्हणून भागलं, आता माळावर काय आहे दिवाळीनंतर? गिरिराजकडून १३०-१५० अंडी हवी असतील तर खाणंही तसंच पाहिजे. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला पाहिजे ती खाईल.

अर्धा_डॉक्टर
शेठ, खाण्याचं तुमचं बरोबर, पण मग बल्बाची घाई कशाला? अर्धपोटी, पिसं गाळणाऱ्या कोंबडीला उजेड देऊन अंड्यावर आणणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी पळवणं. तुमच्या २५० ला फीड मोजून मिळतं, तिथे बल्ब चालतो. आणि तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, लहान वयात जास्त उजेड देऊ नका कोणी, शरीर भरायच्या आधी अंड्यावर येतात आणि मग अंग (अंडनलिका) बाहेर येतं.

जर्सीतला_जोशी
इथे न्यू जर्सीत डिसेंबरात दिवस साडेनऊ तासांचा पण नसतो, माझ्या ६ कोंबड्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास शून्य. पहिल्या वर्षी मी बल्ब लावला, अंडी आली, दुसऱ्या वर्षी बायको म्हणाली राहू दे त्यांना, नाही लावला, अंडी विकत आणली, काही बिघडलं नाही. पण तुमच्याकडे अकरा तास आणि तेरा तास एवढाच फरक, त्यासाठी एवढं भांडण? मला तर वाटतं महाराष्ट्रात थंडीपेक्षा एप्रिल-मेचं ऊन जास्त अंडी खातं.

माहेर_चिपळूण
@जर्सीतला_जोशी हे मात्र शंभर टक्के. उन्हाळ्यात चोच उघडी टाकून धापा टाकतात, खाणं कमी होतं, धापेमुळे कवचही पातळ होतं. पाणी तापलं तर पीत नाहीत. मी माठातलं ओतते दुपारी. आमच्याकडे थंडीत तर खुडूक सोडली तर बऱ्या चालतात.

शेठ_लेअरवाले
माठाचं पाणी २५० ला? ताई, येता का मदतीला 🙏 फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारा, लावावा लागतो आम्हाला. असो. हौस वेगळी, धंदा वेगळा. हौशी माणसाने बल्ब लावला नाही तर माझी हरकत नाही, पण "बल्ब म्हणजे अत्याचार" म्हणू नका. अत्याचार बघायचा असेल तर पूर्वी काही फार्मवर दाणा बंद करून मुद्दाम पिसं गाळायला लावायचे ते बघा. मी ते कधी केलं नाही.

खुराडेवाला
तीन आठवड्यांनी लिहितोय. डॉक्टरसाहेब, टॉर्च घेऊन गेलो आणि अंगावर काटाच आला, दांडीच्या सांध्यात लाल किड्यांची पुरचुंडीच होती. दांड्या बदलल्या, खुराडं चुन्याने रंगवलं, दवाखान्यातून औषध आणून फवारलं. बोटांची टेस्ट केली, तीन गावरान चालूच निघाल्या, जुन्या बैलगाडीखाली ११ अंडी सापडली, पाण्यात टाकली तर ४ तरंगली, ती फेकली. बाकीच्यांना निम्मं लेअर फीड निम्मी ज्वारी आणि शिंपला चालू केला. आज ५ अंडी. बल्ब लावलेला नाही!!

शेठ_लेअरवाले
फीड मी सांगितलं, फीडने आली. बल्ब लावला असता तर ८ असती.

खुराडेवाला
किडे गेले म्हणून आली. पिसं पण भरत आलीत.

माहेर_चिपळूण
आणि ती काळी? पिंजऱ्यातून काढली का?

खुराडेवाला
काढली चौथ्या दिवशी. खाली सोडली, दोन दाणे टिपले आणि सरळ जाऊन त्याच कोपऱ्यात बसली.