मदत हवी आहे : दगडी घराला ओल, सोमवारी गवंडी येतोय

खिडकीपाशी : नमस्कार, घाईत लिहितेय. मागच्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरियन टेरेसमधलं (एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांच्या रांगेतलं) घर घेतलं, लिस्टेड आहे, म्हणजे सरकारच्या वारसा यादीत. बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आलीय, कॉर्निसचा (छतालगतच्या नक्षीदार पट्टीचा) तळहाताएवढा तुकडा काल खाली आला. बाहेर दगडाचे पापुद्रे सुटतायत. गवंडी म्हणतो, सिमेंटने दगडांमधल्या दरजा भरून वरून पारदर्शक वॉटरप्रूफ लेप मारतो. शेजारच्या आजी म्हणतात, हात लावू नका. करू की नको? लवकर सांगा.

रेवती२२ : कुठलं शहर? लिस्टेड घरांना इंग्लंडमध्ये ग्रेड असतात, स्कॉटलंडमध्ये ए, बी, सी कॅटेगरी. नियमही वेगळे.

खिडकीपाशी : ग्लासगो, बी. पण माझा प्रश्न ओलीचा आहे.

बांधकाम_पुणे : लेप मारून टाका. आमच्या सोसायटीच्या गच्चीला मारलाय, चार पावसाळे थेंब नाही.

चुनखडी : पुणेकर, गच्ची काँक्रीटची, ही भिंत सँडस्टोनची (वालुकाश्माची). हा दगड पाणी पितो आणि वाऱ्यावर वाळतो. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते, ओल तिथून बाहेर पडते. दरज झिजावी, दगड वाचावा, असा तो हिशोब. सिमेंट भरलं की पाण्याला दगडातूनच वाट काढावी लागते. मग क्षार आणि थंडीतला बर्फ मिळून दगडाचा चेहराच सोलून काढतात. लेपाने आत शिरलेलं पाणी कोंडतं. एडिंबरात आमच्या घराला आधीच्या मालकाने सिमेंट भरलं होतं, ते छिन्नीने काढताना दगडाच्या कडा गेल्या. अजून वाईट वाटतं.
ताई, दगड पिवळट की लाल? आत्ताच्या दरजा कसल्या?

खिडकीपाशी : पिवळट. दरजा दरजांसारख्या आहेत, काय सांगू?

पाथरवट : पिवळट म्हणजे बहुधा जवळच्याच खाणीतला, गिफनॉक किंवा बिशपब्रिग्जकडचा. साधारण 1890 नंतर डम्फ्रीसशायरचा लाल दगड रेल्वेने यायला लागला. पापुद्रे कसे सुटतायत ते बघा. खाणीत थर आडवे असतात, भिंतीतही तसेच बसवायला हवेत. उभे बसवले असतील तर पत्त्यांसारखे सुटतात, तिथे कुठलीही दरज उपयोगाची नाही.

अटलांटिकपार : अवांतर : ग्लासगोत आहात तर स्ट्रॅथबंगोची मोरे प्लेस बघाच. ही घरांची रांग वास्तुविशारद अलेक्झांडर 'ग्रीक' थॉमसनने बांधली, स्वतः तिथेच राहिला. आणि ग्लासगो विद्यापीठाची मुख्य इमारत गिल्बर्ट स्कॉटची, आपला राजाबाई टॉवरही त्याच्याच आराखड्याचा!

बांधकाम_पुणे : चुना आमच्या वाड्यातही होता, बैलाच्या घाणीत मळलेला. तरी भिंती ओलसरच.

चुनखडी : वाड्याची कौलं शेवटची कधी चाळली होती?

रेवती२२ : खिडक्या बदलणार असाल तर डबल ग्लेझिंगलाही परवानगी लागते. आणि लिस्टेड घरांच्या मंजूर बदलांवरची व्हॅटची सूट 1 ऑक्टोबर 2012 पासून बंद झाली.

खिडकीपाशी : खिडक्यांचं मी विचारलंच नाही हो. सोमवारचं सांगा.

चुनखडी : सोमवार थांबवा. जसंच्या तसं दुरुस्त करायला सहसा परवानगी लागत नाही, पण चुन्याच्या जागी सिमेंट आणि वर लेप हा बदल आहे. कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागाला आधी विचारा; लिस्टेड घरात परवानगीशिवाय असा बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. लिस्टिंगमध्ये आतली बाजूही येते, त्यामुळे कॉर्निसचा तुकडा टाकू नका, त्यावरून साचा काढता येतो. आणि ओल नेमकी कुठे? खालून चढतेय की वरून उतरतेय?

खिडकीपाशी : वरचा मजला, अगदी छतालगत.

पाथरवट : मग दरजांचं नंतर. आधी पन्हळ बघा!

खिडकीपाशी : आत्ता टॉर्च घेऊन माळ्यावर जाऊन आले. कठड्यामागे शिशाची पन्हळ आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यात कबुतराचं घरटं आणि बोटभर चिखल, पाणी तुंबून बरोबर त्या कोपऱ्यावर उतरतंय. घराच्या पुढच्या दरजा किल्लीने खरवडल्या : करड्या, ओरखडाही उठत नाही. मागच्या भिंतीच्या पांढऱ्या, भुगा पडतो. म्हणजे पुढे कुणीतरी आधीच सिमेंट भरलंय. गवंड्याला नको म्हणून कळवलं. पन्हळ साफ करणारं आणि चुन्याचं काम येणारं कुणी ग्लासगोत माहीत आहे का?

चुनखडी : व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.