शब्दचर्चा : ‘अंकल टॉम’ला मराठीत काय म्हणायचं?

एका अमेरिकी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात एक कृष्णवर्णीय पुढारी दुसऱ्याला ‘अंकल टॉम’ म्हणून हिणवतो, म्हणजे गोऱ्यांपुढे लाचार, आपल्याच लोकांशी बेइमान. मी ‘टॉमकाका’ लिहिलं, पण वाचून पाहिलं तर शिवी लागतच नाही. शेजारचे प्रेमळ काका वाटतात. काय करू?

*

‘होयबा’. विषय संपला.

*

नाही संपत. होयबा साहेबापुढे मान डोलावतो, पण आपल्याच माणसांवर उलटतो असं नाही. ‘अंकल टॉम’चा डंख नेमका तिथे आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा’ जास्त जवळचा.

गंमत अशी की हे नाव जिथून आलं त्या हॅरिएट बीचर स्टोव्हच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीतला गुलाम टॉम यातला काहीच नाही. तो रुंद छातीचा, धडधाकट, तान्ह्या लेकराचा बाप आहे. मालक सांगतो म्हणून दुसऱ्या गुलाम बाईला फटके मारायला तो नकार देतो. पळालेल्या दोघी गुलाम बायका कुठे आहेत हे सांगत नाही, म्हणून त्याला मरेस्तोवर मारतात. याला लाळघोट्या म्हणायचं?

घोटाळा रंगभूमीने केला. कादंबरी 1851 पासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल एरा’ साप्ताहिकात क्रमशः आली, मार्च 1852 मध्ये पुस्तक निघालं आणि वर्षभरात एकट्या अमेरिकेत सुमारे 3 लाख प्रती खपल्या. नाटकावर मात्र तेव्हाच्या कायद्याने लेखिकेचा हक्कच नव्हता. ज्याने त्याने खेळ लावले, गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून टॉम केला, पांढऱ्या केसांचा, वाकलेला, मालकाला हवं ते बोलणारा. शिवी त्या टॉमवरून आली.

आणि मूळ पुस्तकाचा वचक केवढा! मेरीलँडमधला सॅम्युअल ग्रीन हा स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. घरात ही कादंबरी सापडली एवढ्यावरून 1857 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली.

*

‘काका’बद्दल थोडं. तिकडच्या दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीय पुरुषाला ‘मिस्टर’ म्हणत नसत. तरुणपणी ‘बॉय’, म्हातारपणी ‘अंकल’. म्हणजे नातं जोडायला नव्हे, मान चुकवायला. आपला ‘काका’ मान देतो, म्हणून अनुवादात अर्थ उलटतो.

‘गुलाम’ची कुळकथाही तशीच. अरबीत त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोर. आपल्या हॉटेलातला ‘पोऱ्या’ पन्नाशीचा असला तरी पोऱ्याच ना? आणि आजी नातवाला लाडाने ‘लबाड गुलाम’ म्हणते, ते वेगळंच.

*

अवांतर : जोतीराव फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना वाहिली आहे. त्यांनी ‘दास्य’ नाही, ‘गुलामगिरी’ शब्द निवडला. ‘दास’ला आपल्याकडे भक्तीचा वास लागलाय. देवाचा दास होता येतं, देवाचा गुलाम कोणी म्हणवून घेत नाही.

*

पटलं. ‘अंकल टॉम’ तसंच ठेवते, पुढच्याच वाक्यात ‘कुऱ्हाडीचा दांडा’ आणते. टीप नको, वाचक टिपा वाचत नाहीत.

आता कादंबरीच्या शीर्षकातली ‘केबिन’. लेकाने मागून डोकावून विचारलं, “काकांना स्वतःची केबिन होती? मग मोठे साहेब असणार!” त्यात एसीही दिसला असेल त्याला. ‘खोपटं’ चालेल का? ओंडक्यांचं आहे, कुडाचं नव्हे.