मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तात्पुरतं वसतिगृह

नमस्कार मंडळी, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटावरच्या एका छोट्या गावातून लिहितोय. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले सगळे कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात ते थेट मार्च-एप्रिलला परत येतात, आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत ती पोरं आईबापासोबत उसाच्या फडावर जातात, शाळा बुडते ती बुडतेच, मोठ्या मुली तर धाकटी भावंडं सांभाळायला लागतात. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे पण आमच्याकडे मुलांना जेवण मिळतं, झोपायला जागा नाही.

म्हणून झेडपी शाळेच्या आवारात लोखंडी अँगल नटबोल्टने जोडून पत्र्याचं शेड करायचं चाललंय, सीझन संपला की खोलून ठेवता येईल असं. ग्रामपंचायत आणि शाळा समिती सोबत आहे.

आता अडचण अशी की डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि नुसता पत्रा बर्फासारखा गार पडतो. आतून कडबा लावा असं काहीजण म्हणतात पण मला आगीची फार भीती वाटते, लहान पोरं झोपणार तिथं. बांबूच्या चटईवर मातीचा गिलावा केला तर चालेल का, की पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार पॅनल) घ्यावेत? सेकंडहँड कुठं मिळतात?

मुलींची खोली आणि संडास वेगळे हवेतच, शिवाय रात्री मुक्कामी बाई हवी, तिचं मानधन कोणत्या फंडातून काढता? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फोटो असतील तर अजून बरं.