संधिवातात गुडघा बदलताना कोणती औषधं थांबवायची?

प्रश्न: बाई, वय ६२. मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिग्रॅ, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) रोज ५ मिग्रॅ, अडालिमुमॅब दर दोन आठवड्यांनी. मे महिन्यात नागपुरातच ऑपरेशन. सगळंच बंद करायचं का?

उत्तर १: सगळं कशाला, भाऊ? मेथोट्रेक्सेट चालूच ठेवा, नाहीतर सांधे भडकतात अन् व्यायाम रखडतो. अडालिमुमॅबचा मात्र एक डोस गाळा; शेवटच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. त्या औषधानं टीएनएफ (शरीरात दाह पेटवणारा पदार्थ) दबलेला असला की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पुन्हा सुरू साधारण १४ दिवसांनी, तेही टाके निघून जखम कोरडी असेल तरच. नुसती तारीख पाहून टोचू नका.

उत्तर २: प्रेडनिसोलोन अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो, त्या दिवशीही नेहमीचा डोस द्या. या आजारात मानेचे मणकेही सैल होऊ शकतात; मान वाकवून एक्स-रे काढलाय का? पहिला मणका दुसऱ्यावरून सरकलेला असला तर भुलीसाठी श्वासनलिकेत नळी घालताना मज्जारज्जू दबू शकतो. भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.

प्रश्नकर्ता: अडालिमुमॅबऐवजी रिटुक्सिमॅब असतं तर?

उत्तर १: दर सहा महिन्यांनी डोस असेल तर ऑपरेशन सातव्या महिन्यात. मूळचं लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं) औषध ते, १९९७चं; रोगप्रतिकार करणाऱ्या बी पेशीच संपवतं, त्या परतायला महिने लागतात.

उत्तर ३: अडालिमुमॅबचं उरलेलं इंजेक्शन-पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाला चिकटून गोठलं तर फेकाच.