बल्क कूलरसाठी १० किलोवॅट सोलर + ३० युनिटची लिथियम बॅटरी: कोटेशन बरोबर वाटतं का?

खटाव_संकलन
नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातलं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी साडेसहा ते साडेआठ १२०० लिटर, संध्याकाळी साडेपाच ते आठ ८०० लिटर. २००० लिटरचा डीएक्स (गॅसने दुधाची टाकी थेट गार करणारा) बल्क कूलर, त्याला ५ एचपीचे दोन स्क्रोल प्रकारचे कॉम्प्रेसर, थ्री फेज. टँकर सकाळी दहाला येतो. लाइट गेली की डिझेल जनरेटर.
कोटेशन असं आलंय: १० किलोवॅट पॅनेल, १० केव्हीए हायब्रिड (पॅनेल, बॅटरी आणि लाइन तिन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर, ३० युनिटची लिथियम बॅटरी. "डिझेल विसरा" म्हणतात. पत्र्याचं शेड १२०० चौरस फूट, उतार दक्षिणेला. विहिरीला बारमाही पाणी आहे. पैसे अडकवण्याआधी जाणकारांचं मत हवंय.

माणदेशी_रेफ्रिजरेशन
आधी दुधाचा हिशेब मांडा, बॅटरीचा नंतर. २००० लिटर म्हणजे साधारण २०६० किलो. ३५ अंशांवरून ४ वर आणायचं तर रोज जवळपास ७० युनिटांइतकी उष्णता काढावी लागते. कूलर एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता ओढतो असं धरलं, तर वीज २८ युनिट. यातली जवळजवळ सगळी ऊन नसताना लागते, कारण दूध कोवळ्या उन्हात आणि दिवेलागणीला येतं. ३० युनिटच्या बॅटरीतून ९० टक्के वापर आणि इन्व्हर्टरचा तोटा धरून २४-२५ युनिट हातात येतात. म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवशीसुद्धा ओढाताण, श्रावणात तर विचारूच नका.

तुम्हाला वीज नाही, थंडावा साठवायचा आहे. एक किलो बर्फ वितळताना ०.०९३ युनिट उष्णता घेतो. दुपारी बर्फ करा, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वापरा.

पहिला टप्पा सगळ्यात स्वस्त आणि तोच सगळे विसरतात: विहिरीचं पाणी. ते २५-२६ अंशांचं असतं. प्लेट चिलरमधून (पातळ प्लेटांच्या एका बाजूने दूध, दुसऱ्या बाजूने पाणी) दुधाच्या दुप्पट पाणी सोडलं की दूध ३५ वरून २९ च्या आसपास येतं. पाचवा हिस्सा काम फुकटात झालं; तेच पाणी पुढे गोठ्याला आणि कॅन धुवायला. दुसऱ्या टप्प्यात बर्फाच्या टाकीतलं १-२ अंशांचं पाणी, दूध ६ पर्यंत. उरलेले दोन अंश तुमचा आत्ताचा डीएक्स कूलर उतरवेल, त्याला दिवसभरात दोन युनिटसुद्धा लागत नाहीत.

२९ ते ६ साठी ५५०-५६० किलो बर्फ लागतो, गळती धरून ६०० किलोची आइस बँक (कॉइलवर बर्फ साठवणारी टाकी) घ्या. बर्फ करताना कॉम्प्रेसरची कार्यक्षमता घटते, एका युनिटला दोनच धरा: २६-२८ युनिट, म्हणजे साडेसात एचपीचं कंडेन्सिंग युनिट (कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरचा संच) पाच-सहा तास. १० किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज ४० युनिटांच्या आसपास देतात. जमतं.

कोटेशन घेताना तीन गोष्टी विचारा. टाकीला पफ (फोमचं उष्णतारोधक अस्तर) किमान ८० मिमी आहे का. कॉइलवरच्या बर्फाच्या जाडीचा सेन्सर आहे का. तो नसला की दोन कॉइलमधला बर्फ एकमेकांना चिकटतो, मध्ये पाणी फिरत नाही आणि टाकी बर्फाने भरलेली असूनही दूध १२ अंशांवर अडकतं. आणि टाकीतलं पाणी ढवळायला एअर ब्लोअर आहे का.

कुपवाड_पॅनेलवाला
वरच्या हिशेबाशी सहमत. विजेच्या बाजूचं सांगतो.

५ एचपी मोटर चालू प्रवाह ७ अँपिअर घेते, पण थेट सुरू करताना सहापट ओढते. ४२ अँपिअर म्हणजे ४१५ व्होल्टला ३० केव्हीए, थोडा वेळ का होईना. १० केव्हीए हायब्रिड तिथेच ट्रिप होणार. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) तरी लावा, नाहीतर व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह). व्हीएफडी लावला तर स्क्रोलला किती हर्ट्झच्या खाली न्यायचं नाही ते कंपनीच्या कागदावर बघा, कारण वेग फार उतरला की तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर परत सुरू व्हायला किमान तीन मिनिटांचा टायमर हवाच. आणि फेज प्रिव्हेंटर: फेजची अदलाबदल झाली की स्क्रोल उलटा फिरतो, आवाज करतो, थंड मात्र काही करत नाही.

दुसरं, साधा ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइट गेली की डोक्यावर ऊन असलं तरी बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते असतंच. म्हणून विचारतो, जोडणी गावठाण फीडरवर (वस्तीला वीज देणाऱ्या लाइनवर) आहे की शेतीच्या?

खटाव_संकलन
गावठाण. दिवसा फारशी जात नाही, संध्याकाळी जाते. डीएक्स कूलर बदलावा लागेल का? आणि बॅटरी अजिबात नको का? लिथियम महाग म्हणून ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड चालेल का?

कुपवाड_पॅनेलवाला
मग सोपं आहे. कूलर तसाच राहू द्या. १० किलोवॅट ऑन-ग्रिड नेट मीटरिंगवर (जास्तीची वीज लाइनला देऊन बिलात वजा), बर्फाचं युनिट त्यावर. संध्याकाळी लाइट गेली तर चालू राहायला हवं ते इतकंच: थंड पाण्याचा पंप, दुधाचा पंप, ढवळणी, फॅट मशीन, काटा, कॉम्प्युटर, दिवे. सव्वा-दीड किलोवॅट, दोन्ही वेळचे मिळून ६-७ युनिट. पंप सिंगल फेज घ्या, ५ केव्हीए इन्व्हर्टर, ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाचे दोन लिथियम पॅक, म्हणजे १० युनिट. भिंतीच्या सावलीत, कंडेन्सरच्या गरम हवेपासून लांब. चाळीस अंशांच्या खोलीत लिथियमचं आयुष्य कागदावरच्या सायकलींइतकं भरत नाही.

ट्युब्युलर १२ व्होल्ट १५० च्या चार म्हणजे ७.२ युनिट, त्यातले निम्मेच वापरायचे. आठ घ्याव्या लागतील. शिवाय चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, दुधाच्या खोलीत ते नको.

जनरेटर विकू नका. सलग ढगाळ दिवसांत लाइटही गेली तर तोच कामाला येईल. फक्त ऑन-ग्रिड इन्व्हर्टर जनरेटरच्या लाइनवर येणार नाही अशी चेंजओव्हरची जोडणी करून घ्या, नाहीतर दुपारी सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते.

कृष्णाकाठ_सोलर
छपराबद्दल थोडं. १० किलोवॅटला ५४० वॅटचे १९ पॅनेल, जागा सुमारे हजार चौरस फूट. तुमचं शेड पुरतं, पण कडेने चालायला वाट ठेवा. एक पॅनेल २८ किलोच्या आसपास, त्यामुळे रेल पत्र्याला नाही, पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी आधारांना) बसवायची. एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे. वेगवेगळे जोडले की सांधा तापून वितळतो.

अर्थिंगचे खड्डे तीन, वेगवेगळे: डीसी, एसी आणि वीजरोधक. तुमच्याकडे मुरूम, एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडून रोध वाढतो. बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरा, उन्हाळ्यात पाणी घाला, मीटर लावून मोजा.

धुणं सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. जवळ साखर कारखाना असेल तर गाळप हंगामात काजळी बसते, ती नुसत्या पाण्याने जात नाही, मऊ ब्रश लागतो. पाणी विहिरीचं वापरा पण रबराने निपटून काढा. जड पाण्याचा पांढरा थर एकदा बसला की निघता निघत नाही. तोच थर प्लेट चिलरमध्येही बसतो. चिलरमधून बाहेर येणारं दूध आणि आत जाणारं पाणी यांच्या तापमानातला फरक रोज वहीत लिहा, तो वाढायला लागला की प्लेटा उघडून साफ करायची वेळ झाली.