ट्रायसोमी १८ असलेलं बाळ: उपचार चालू ठेवून पॅलिएटिव्ह केअरही घेता येते का? (कोल्हापूर)

नमस्कार. माझ्या भावाची मुलगी आज १९ दिवसांची आहे. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. जन्माचं वजन १ किलो ७०० ग्रॅम. परवा कॅरिओटाइपचा (गुणसूत्रांच्या तपासणीचा) रिपोर्ट आला: ट्रायसोमी १८, म्हणजे एडवर्ड्स सिंड्रोम. यात १८ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. हृदयात मोठं छिद्र आहे, मधेच श्वास थांबतो, दूध नाकातल्या नळीने जातं.

अशी शंभरातली पाच-दहा बाळंच पहिला वाढदिवस बघतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग म्हणाले, "एक तर सगळं करू, लागलं तर व्हेंटिलेटर, वजन वाढलं तर ऑपरेशन. नाहीतर घरी न्या." भाऊ गप्पच. वहिनीने एवढंच विचारलं, "घरी नेलं आणि धाप लागली तर बघणार कोण?" त्याचं उत्तर मिळालं नाही.

मला हे 'हे नाहीतर ते' पटत नाही. मुलांची पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करून आराम देणारी काळजी, निदान झाल्यापासूनच सुरू व्हावी, आजारावर उपचार चालू असोत वा नसोत, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आमच्या बाळाला रोज लॅसिक्स (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध) देतात. त्याने छिद्र बुजणार नाही, पण छाती आत ओढली जायची कमी होते आणि ती शांत झोपते. हा उपचार की आराम? मला तर दोन्ही वाटतं. उलट टाचेला सारखं टोचून रक्त काढतात. त्यातल्या किती तपासण्यांनी पुढचं काही बदलणार आहे, हे कुणीतरी आमच्याबरोबर बसून ठरवायला हवं.

बाराव्या दिवशी बारसं पेटीपाशीच केलं. आत्या म्हणून मी हात धुऊन, गाऊन चढवून तिच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. तिची मूठ कायम आवळलेली, पहिलं बोट मधल्यावर आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. त्या मुठीत माझं बोट सरकवलं तर सोडेना. त्या दिवशी वहिनीला १० मिनिटं तिला छातीशी धरू दिलं. त्यानंतर एकदाही नाही. हाताशी दिवसच मोजके असतील, तर ते सगळे काचेच्या आत का जावेत?

(ग्रहणात काय चिरलंस, असं वहिनीला विचारून झालंय. कृपया इथे नको. गुणसूत्रांची वाटणी बीज तयार होतानाच चुकते, त्यात आईच्या हातात काही नसतं.)

असं बाळ घरी सांभाळलेल्यांनो, नाकातली नळी बदलायला तुम्हाला कुणी शिकवलं? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने घेतलात का? धाप फार वाढली तर अगदी थोडं मॉर्फिन देतात असं वाचलं. कोल्हापूर-सांगलीकडे लहान बाळांसाठी ते कोण लिहून देतं? औषधं, नळी, ऑक्सिजन हवा पण व्हेंटिलेटर नको, असं केस पेपरवर लिहून घेता येतं का? ऑपरेशनला आम्ही नाही म्हटलेलं नाही. अमेरिका-जपानमध्ये काही ठिकाणी या बाळांची हृदयाची ऑपरेशनं करतात. पुण्या-मुंबईला कुणी असं मत घेतलंय का?

शुक्रवारी डॉक्टरांना पुन्हा भेटायचं आहे. वहिनीची पहिली मागणी रोज तासभर कांगारू केअरची, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची आहे. ती कशी मांडली तर ऐकतील, हे एनआयसीयूत काम केलेल्या सिस्टरांनी सांगितलं तर फार मदत होईल.